माझ्या खोकल्याची चौकशी

३ जुलै १९६१, पुसद

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. कारण एकच. जे झालं ते मला विसरायचं नाही.

सकाळी मेडिकल वॉर्डात माझा पहिला राउंड होता. पुढे डॉ. पांढरीपांडे, इथले मुख्य फिजिशियन. मागे मी आणि जफर, म्हणजे या वर्षीचे दोन हाऊस फिजिशियन. सगळ्यांच्या मागे इंदुताई, वॉर्डाच्या सिस्टर. एका तापाच्या रोग्यापाशी साहेब थांबले. मी केलेली तपासणी वाचली आणि विचारलं, "प्लीहा लागत नाही असं कोण म्हणतं?"

"मी, सर."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा पंजा त्या माणसाच्या पोटावर ठेवून दाबला. लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात ना, तसा. "श्वास घ्या हो," रोग्याला म्हणाले. त्याने श्वास घेतला आणि माझ्या बोटांना प्लीहेची कड लागली.

"लागली?"

"लागली, सर."

"बैलाचं पोट दाबायची सवय असेल तांड्यावर. माणसाचं जरा हळू दाबावं लागतं, आडे."

वॉर्ड हसला. रोगी हसले, त्यांच्या उशाशी बसलेल्या बाया हसल्या. जफर हसला नाही, पण त्याने मान फिरवली, म्हणजे तो हसतच असणार. मी हरिसिंग आडे, नागपूरहून रीतसर एम.बी.बी.एस. झालेला, आमच्या तांड्यातला पहिला डॉक्टर. माझं मनगट अजून झोंबतं आहे.

जफरला ते 'तुम्ही' म्हणतात. मला 'तू'.

९ जुलै

इथली व्यवस्था समजली. हे ट्रस्टचं रुग्णालय आहे. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड आणि मागे विहिरीपलीकडे टिनाची एक लांब शेड. शेडमध्ये क्षयाचे रोगी. साहेबांचा शब्द नागपुरात चालतो. दरवर्षी दोघांपैकी एकाचं नाव ते पुढे करतात आणि त्याला एम.डी.ची जागा मिळते. दुसरा कुठेतरी दवाखाना उघडून ताप-खोकल्याच्या बाटल्या भरत बसतो.

ती जागा मला हवी आहे. हे साधं वाक्य मी इतक्या सरळपणे कुणासमोर बोलू शकत नाही, म्हणून इथे लिहितो. मी कॉलेजात गेलो तेव्हा आमचे नायक, फुलचंदकाका, मला सोडायला महागावच्या एस.टी.पर्यंत अख्खा तांडा घेऊन आले होते. बायका गात होत्या. मी बसमध्ये मान खाली घालून बसलो, कारण बाकीचे प्रवासी बघत होते. त्या मान खाली घालण्याची मला आजही चीड येते.

जफर इथलाच, गावात त्याच्या वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. घरून डबा येतो. सगळ्यांशी हसून बोलतो. असल्या माणसांपासून जपून राहावं.

६ ऑगस्ट

जवळपास महिनाभर लिहिता आलं नाही. धनुर्वाताचा एक माणूस होता, मुकुटबनकडचा. पायात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी घुसली होती. जरा आवाज झाला की कमानीसारखा वाकायचा. खोलीला काळे पडदे लावले, उकंडाला दारात बसवलं की कुणी भांडं आपटू नये. उकंडा म्हणजे आमचा वॉर्डबॉय, पन्नाशीचा माणूस, पण त्याला बॉयच म्हणतात. मी त्या रोग्याला नळीने दूध घातलं, औषध मोजून मोजून दिलं, त्याच्याशेजारी बाकावर पडून राहिलो. काल त्याचं तोंड उघडलं. पाणी मागितलं त्याने.

साहेब आले, बघितलं, म्हणाले, "ठीक. आता टिनाची शेडही तूच बघ."

शाबासकी नाही. शिक्षा. जफरला बायकांचा वॉर्ड, हवेशीर, पंख्याचा. मला शेड.

२७ ऑगस्ट

शेडमध्ये एक बोलण्यासारखा माणूस भेटला. मारोतराव, महागावच्या शाळेतले जुने मास्तर. दोन्ही फुप्फुसं गेलेली, आवाज बसलेला, पण डोकं लखलखीत. मी महागावजवळच्या तांड्यातला आहे म्हटल्यावर म्हणाले, "तुमच्या तांड्यातून पोरं शाळेत यायचीच नाहीत. एक यायचा, मागच्या बाकावर बसायचा, नाक पुसायचा बाहीनं." तो मीच. दोघंही खूप हसलो. त्यांना हसण्याने उबळ आली ती बराच वेळ थांबली नाही. मी त्यांना धरून बसलो.

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्या खाटेवर बसून चहा घेतो. या गावात माझ्याशी माणसासारखं बोलणारं तेवढं एकच आहे.

साहेबांनी ते पाहिलं. "आडे, शेडमध्ये तोंडाला फडकं बांधायचं. आणि रोग्याच्या खाटेवर बसायचं नाही. खिडकीपाशी उभं राहून बोल."

मुसकं बांधा म्हणे. बैलाला बांधतात तसं. हे स्वतः राउंडला येतात ते नाकाला रुमाल लावून, दारातून. शेडमधले रोगी कोण, तर कोलाम, गोंड, आमचे लोक, हमाल, कापसाच्या जिनातले मजूर. त्यांच्याजवळ जायचं तर यांना फडकं लागतं. मी नाही बांधणार. माझ्या माणसांना मी उघड्या तोंडाने भेटेन.

४ ऑक्टोबर

मारोतराव काल गेले. सकाळी तोंडातून रक्त आलं, भांडं भरून. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काही करता आलं नाही.

साहेब म्हणाले, "तू त्याच्या खाटेवर बसायचास. त्याला काही फायदा झाला नाही. आता तू स्वतःकडे बघ."

ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवशी हे बोलणं. उत्तर इथे लिहितो: तुम्हाला माणसाचं मरण म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा वाटते.

२९ ऑक्टोबर

कापसाची जिनं सुरू झाली. माझं क्वार्टर एका जिनाच्या भिंतीला लागून आहे. दिवसभर रुईचा बारीक भुगा उडतो, खिडकीच्या गजांना म्हाताऱ्याच्या दाढीसारखा लोंबतो. घसा सारखा खवखवतो. सकाळी उठल्यावर खोकून खोकून जीव जातो, मग दिवसभर बरं असतं. क्वार्टरला टिनाचं छत आहे, पहाटे सदरा घामाने भिजलेला असतो. म्हणजे थंडी पडायला लागली तरी टिन तापलेलंच. क्वार्टर बदलून द्या म्हणून यांना मी अर्ज करणार नाही.

जफर म्हणाला, "हरिसिंग, तू सुकून राह्यला बे. पँट पाह्य कशी झाली तुही. सुतळीनं बांधशील आता."

"मेसचं जेवण खाऊन बघ एकदा," मी म्हणालो. "अम्मीच्या डब्यावर फुगलेल्यांना काय समजतं."

तो हसला. मला माहीत आहे तो का हसतो. दोघांतला एक वाळला की दुसरा आपोआप मोठा दिसतो.

१२ नोव्हेंबर, तांडा

दिवाळीला चार दिवस घरी आलो. इथे लिहिताना हात हलका वाटतो.

माझी धाकटी बहीण बसंती माहेरपणाला आली आहे. तिचं पहिलं पोर, धनसिंग. रांगतो, दात येत आहेत, जे हाताला लागेल ते तोंडात. मला पाहून आधी रडला आणि अर्ध्या तासाने उतरेचना. चारही दिवस माझ्याच कडेवर. दुपारी माझ्या छातीवर झोपतो, मी श्वास घेतला की त्याचं डोकं वर जातं, सोडला की खाली. मी भाकरी चावून मऊ करून त्याच्या तोंडात घातली तर बसंती म्हणाली, "भिया, डॉक्टर लोक असं करतात काय?" म्हटलं, मामा लोक करतात.

याडी, माझी आई, मात्र माझ्या मागे लागली. "लेका, तू काहून असा झाला? हाडं दिसून राह्यली. आन् हा खोकला कायचा?"

"जिनाचा भुगा आहे याडी. तिथे सगळेच खोकतात."

फुलचंदकाकांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाची नाडी मला बघायला लावली. आजारी कुणी नव्हतंच. नुसती नाडी बघायची, तांड्याचा डॉक्टर म्हणून. म्हाताऱ्या जमनाबाईंचा हात हातात धरला तर त्या रडायलाच लागल्या. अशा वेळी पांढरीपांडे इथे असायला हवे होते.

३ डिसेंबर

आज इंदुताईंनी कमाल केली. राउंड संपल्यावर सगळ्या नर्सेससमोर माझ्या हातात पेला दिला. रोग्यांच्या स्वयंपाकघरातलं दूध, त्यात अंडं फोडलेलं.

"आडेसाहेब, हे घ्या. मुकाट्यानं. रोज घ्यायचं आतापासून."

"मी रोगी आहे का?"

"मले काय माहीत? तुम्हीच सांगा, तुम्ही डॉक्टर आहात." आणि जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी अंग तापते ना तुमचं? चेहरा लाल होते, मी पाह्यते रोज. एकदा थर्मामीटर लावू द्या ना मले."

मी पेला टेबलावर आपटला. दूध सांडलं, त्यांच्या पांढऱ्या साडीवर उडालं. त्यांनी पदर झटकला आणि त्या गेल्या. गरिबाघरचा पोरगा, उपाशी असेल, पाजा उरलेलं दूध. दया करायला मिळाली की या लोकांना केवढा आनंद होतो. आणि हे इंदुताईंनी आपल्या मनाने केलेलं नाही. वरून सांगितलेलं आहे.

संध्याकाळी अंग कसकसतं हे खरं. दिवसभर पायांवर उभा असणारा कुणीही कसकसेल.

१८ डिसेंबर

वाटलं तेच झालं. साहेबांनी हुकूम काढला आहे, सगळ्या स्टाफने स्क्रीनिंगच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्याच्या, अंधाऱ्या खोलीत जाऊन छाती दाखवायची. 'सगळ्या स्टाफने.' पण हे वाचून दाखवताना बघत होते माझ्याकडे.

ट्रस्टचा नियम मला ठाऊक आहे. ज्याच्या छातीत डाग निघाला तो नोकरीवर राहत नाही. एखादा जुना, भरून आलेला डागही पुरतो. तांड्यावर लहानपणी कुणाच्या छातीवर डाग पडला नसेल? तो दाखवायचा, आडेला घरी पाठवायचा, आणि मैदान मोकळं.

जफर उद्या पहिला जाणार म्हणतो. जाईलच. त्याच्या फुप्फुसात सुगंधी तेल असेल.

२० डिसेंबर

काल मी पोट बिघडल्याचं सांगून क्वार्टरवर राहिलो. उकंडा दोनदा बोलवायला आला. दुसऱ्यांदा म्हणाला, "जाऊन या ना साहेब. काय लागते त्याच्यात? मी बी जाऊन आलो. अंधारात उभं राह्यचं अन् बाहेर याचं."

मी म्हटलं, "उकंडा, तुला कुणी पाठवलं?"

"पांढरीपांडे साहेबानं."

दार लावून घेतलं.

१४ जानेवारी १९६२

आज जफरशी कायमचं तुटलं. सकाळी शेडमध्ये गेलो तर तो आधीच तिथे. तोंडाला फडकं बांधून रोग्यांना इंजेक्शनं देत होता.

"माझ्या शेडमध्ये तू काय करतोस?"

"साहेबांनी सांगितलं. आजपासून शेड मी पाहतो. तू बायकांचा वॉर्ड पाह्य."

"सांगितलं की तू मागितलं?"

त्याने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग फडकं खाली ओढून म्हणाला, "मागितलं."

म्हणजे कबूलच केलं. पाच महिने ज्या रोग्यांची थुंकी मी तपासली, ज्यांच्या छातीतलं पाणी मी काढलं, त्यांचं श्रेय ऐन निवडीच्या तोंडावर हा घेणार. मी त्याला व्हरांड्यात ओढलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो. बापाच्या दुकानावर जगणारा, साहेबांचे बूट चाटणारा, पाठीत सुरा खुपसणारा. बोलता बोलता उबळ आली आणि मला कठडा धरावा लागला. तो पाठीवर हात ठेवायला आला. मी हात झटकला.

"तुले समजत नाही काय बे?" तो ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "खरंच समजत नाही, का समजून घ्यायचंच नाही?"

नाटकी माणूस.

रुमालावर रक्ताची बारीक रेघ होती. हिरड्या खराब झाल्या आहेत. लिंबू खायला हवं.

९ फेब्रुवारी

साहेबांनी खोलीत बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"नागपूरला जफरचं नाव सांगतो आहे."

मी विचारलं, माझ्या कामात काय कमी पडलं.

"काम चांगलं आहे. त्याच्यापेक्षा चांगलं आहे. तू छातीचा फोटो काढ, मग बोलू."

माझ्या अंगात कुठून एवढा आवाज आला माहीत नाही. म्हणालो, "फोटोचं निमित्त कशाला सांगता, सर? पहिल्या दिवसापासून तुम्हाला बैल राखणारा पोरगा वॉर्डात नको होता. तांड्यातला माणूस एम.डी. झाला तर तुमच्या पोटात दुखतं, एवढं सरळ सांगा."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या लोकांची हीच खोड आहे," ते म्हणाले. "चांगलं सांगितलं तरी शिवी ऐकू येते. जा. फोटो काढल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नकोस."

तुमच्या लोकांची! शेवटी बाहेर पडलंच. आता तर जीव गेला तरी मी त्या अंधाऱ्या खोलीत पाय ठेवणार नाही.

१३ मार्च

होळीला आठवडा आहे. यंदा तांड्यावर जाऊन नाचायचं ठरवलं होतं.

दुपारी उकंडा धावत आला. "साहेब, तुमच्या घरची माणसं आली." फाटकात बैलगाडी. बसंती, तिचा नवरा शंकरसिंग, आणि तिच्या मांडीवर धनसिंग. दोन आठवड्यांपासून ताप. आधी सुस्त, मग उलट्या. आता डोकं मागे टाकून पडलेला, डोळे अर्धे उघडे, कुणाकडेच न बघणारे. मी त्याची मान पुढे वाकवायला गेलो. मान लाकडासारखी होती. तो किंचाळला, बारीक, एका सुरात.

"भिया आहे आता," बसंती नवऱ्याला म्हणाली. "आता काही होत नाही."

पाठीतून पाणी मीच काढलं. जफरने पोराला कुशीवर घट्ट धरलं होतं. जानेवारीपासून आम्ही बोललो नव्हतो. पाणी स्वच्छ होतं, पण नळी उजेडात धरली तर जरासं धुरकट. नळी ठेवून दिली. सकाळी बघायचं.

१४ मार्च

नळीत जाळं धरलं होतं. कोळ्याचं असतं तसं, नाजूक. हे पुस्तकात वाचलेलं. कुणाला विचारायची गरज नव्हती. क्षयाचा मेंदूज्वर.

साहेब आले. आज नाकाला रुमाल नव्हता. पोराला तपासायला त्यांनी बराच वेळ घेतला, डोळ्यांत बॅटरी टाकून आतला पडदा पाहिला, पोटावर हात ठेवला. मग बसंतीसमोर स्टूल ओढून बसले.

"बाई, घरात खोकला कुणाला आहे?"

"कोणालेच नाही, साहेब."

"म्हातारं माणूस? सासू, सासरा? जुना खोकला, बारीक ताप?"

"नाही जी."

"तांड्यावर? हा पोरगा कुणाच्या मांडीवर खेळतो? आठवून सांगा. लहान पोराला हा आजार जवळच्या माणसाकडूनच लागतो. कुणीतरी खोकत असलंच पाहिजे."

बसंतीने खरंच आठवलं. एकेका घराचं नाव घेत गेली, बोटं मोडत. मग म्हणाली, "कोणीच नाही साहेब. दिवाळीले भिया आलता तो खोकत होता. पण तो तं डॉक्टर आहे."

इंदुताईंच्या हातातली सुई उकळत्या पाण्यात पडली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जफरनेही नाही. ते दोघं पाहत नव्हते हे मला अजून दिसतं आहे.

मी वॉर्डातून निघालो आणि अंधाऱ्या खोलीपर्यंत चालत गेलो. दार उघडंच होतं.

१५ मार्च

फोटो मीच वाचला. ओला असतानाच खिडकीला धरला. उजव्या बाजूला वर, हाडाखाली, मोठी पोकळी. तिच्या भोवती कापूस विखुरल्यासारखं. डावीकडेही सुरुवात. थुंकी तपासली, जंतू भरपूर. असा फोटो दुसऱ्याचा असता तर मी म्हणालो असतो, हा माणूस निदान सहा महिने रोग वाटत फिरतो आहे.

शेडमध्ये दाखल झालो. खाट साहेबांनी ठरवली, खिडकीजवळची. "फडकं बांध," ते म्हणाले. बांधलं.

३ एप्रिल

धनसिंगला रोज इंजेक्शन. पाठीतूनही औषध देतात. ते जफर देतो. मला वॉर्डात जायची परवानगी नाही. माझ्या मावशीच्या वयाच्या बायका शेडमध्ये खोकत असतात आणि मी छताकडे बघत पडतो. बाहेर बाभळीखाली बसंती चूल मांडून भाकरी टाकते, मला पाठवते. तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मामा-भाचे एकाच वेळी आजारी पडले, दृष्ट लागली.

जफरला म्हणालो, "तू सांग तिला."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "इंदुताई पण नाही. साहेब सांगतो म्हणत होते, मीच नको म्हटलं."

"का?"

"ते सांगतील तर ती त्यांच्यावरच चिडंल. तुझ्यासारखी."

११ एप्रिल

आज सांगितलं. शेडच्या पायरीवर ती, आत फडकं बांधून मी. आमच्या बोलीत बोललो. म्हटलं, धनसिंगला हा आजार माझ्याकडून गेला. दिवाळीत. माझ्या खोकल्यातून.

ती कितीतरी वेळ हातातल्या परातीचा काठ पुसत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"तू डॉक्टर आहेस ना?"

"हो."

"मग काहून माहीत नव्हतं?"

सगळे सांगत होते, हे उत्तर. मग ऐकलं का नाही, तर सांगणाऱ्यावर माझा राग होता. तो राग खोटा नव्हता. त्या माणसाने पहिल्या दिवशी मला बैलराख्या केलं, शेवटी 'तुमचे लोक' म्हणाला, हे खरंच आहे. आणि माझ्या छातीबद्दल तो बोलत होता तेही खरं होतं. एकाच तोंडातून दोन्ही येत होतं आणि मी एक ऐकलं. हे तिला कसं सांगू? तिला त्यातलं काय कामाचं?

"छातीवर झोपायचा तुझ्या," ती म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी भाकरी आली नाही.

२४ जून

जफर नागपूरला जातो आहे. निरोप घ्यायला खिडकीपाशी आला. मी म्हटलं, "तू शेड मागितलीस ते..." तो म्हणाला, "जाऊ दे ना बे." मी म्हटलं, नाही, ऐकून घे. पण पुढे काही सुचलं नाही. तो गजांतून माझा हात हातात घेऊन उभा राहिला. त्याला तसं उभं राहता येतं. मला तो अजूनही थोडा नाटकी वाटतो.

साहेब रोज येतात. खिडकीपाशी उभं राहून वजन विचारतात. आज म्हणाले, "थुंकी साफ झाली की काम देईन. शेडचंच. शिफारस मात्र करणार नाही. एवढ्या हुशार माणसाने इतका मूर्खपणा करायचा, हे मला विसरता येत नाही."

"तुम्ही पहिल्या दिवशी जे बोललात ते मलाही विसरता येत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "काय बोललो होतो?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं. ते चष्मा पुन्हा लावून निघून गेले. मला त्यांच्याबद्दल माया वाटत नाही. वाटेल असंही दिसत नाही. त्यांनी लिहून दिलेली औषधं मात्र मी वेळेवर घेतो.

१६ सप्टेंबर

आज धनसिंगला घरी सोडलं. जीव वाचला. ताप नाही, उलट्या नाहीत, धरून उभा राहतो, भाकरीचा तुकडा स्वतःच्या हाताने खातो. पण ऐकू येत नाही. रोगाने की औषधाने, सांगता येत नाही. इंदुताईंनी त्याच्या कानामागे वाटी वाजवून पाहिली, मग ताट, मग डबा. तो खेळत राहिला.

बैलगाडी विहिरीजवळ उभी होती. शंकरसिंग सामान चढवत होता. बसंती एप्रिलपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आजही शेडकडे न बघता ती पोराला कडेवर घेऊन गाडीकडे निघाली. पोराचं तोंड पलीकडे, बैलांकडे.

मी खिडकीतून हाक मारली. "धनसिंग!" मारल्यावर लक्षात आलं की कुणाला मारतो आहे. पण तोंडून निघून गेलं होतं.

पोर बैलांकडेच बघत राहिलं. बसंती थांबली. पाठमोरीच थोडा वेळ उभी होती. मग ती वळली नाही, पण तिचा हात वर आला. तिने पोराची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हळूच माझ्या खिडकीकडे फिरवलं.